बाउंटीचं स्केल: कपाट आधी की बाग आधी?

प्रश्न असा आला

प्रश्न विचारणारा माझा मित्र लाकडी जहाजांची मॉडेलं करण्याच्या छंदात नवखा नाही. किटमधून त्याने १:६४ ची एक कटर, म्हणजे एका डोलकाठीचं लहान जहाज, नीट पूर्ण केली आहे. पुढचं जहाज किट न घेता, नकाशावरून, प्रत्येक तुकडा स्वतः कापून करायचं असं त्याने ठरवलं आणि निवडलं एचएमएस बाउंटी. निवड चांगली होती. तीन डोलकाठ्यांचं असूनही हे जहाज लहान आहे, तोफा मोजक्या (चार पौंडांचा गोळा टाकणाऱ्या चार आणि कठड्यावरच्या दहा फिरत्या), आणि त्या काळच्या नौदलाची आरेखनं आजही मिळतात. १७८४ मध्ये 'बेथिया' या नावाने व्यापारी जहाज म्हणून ते बांधलं गेलं. १७८७ मध्ये ब्रिटिश नौदलाने ते विकत घेतलं आणि लंडनजवळच्या डेटफर्डच्या गोदीत त्याला नवं रूप दिलं. ताहितीहून ब्रेडफ्रूटची, म्हणजे नीरफणसाची, रोपं वेस्ट इंडीजला न्यायची होती. एप्रिल १७८९ मध्ये जहाजावर बंड झालं ते सगळ्यांना माहीत असतं. रोपांसाठी जहाजाच्या पोटात काय काय केलं होतं ते मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि या प्रकरणात सगळा पेच तिथेच होता.

त्याने मला विचारलं ते अगदी थोडक्यात: "काचेचं कपाट आतून पंचाहत्तर सेंटिमीटर लांब, तीस खोल, पंचावन्न उंच. बाउंटी १:४८ घेऊ, १:६४ घेऊ की १:९६?"

असा प्रश्न आला की बहुतेक जण भागाकार करून मोकळे होतात. आम्हीही सुरुवात भागाकारानेच केली, कारण तो टाळता येत नाही.

भागाकार

बाउंटीची डेकवरची लांबी ९० फूट १० इंच, रुंदी २४ फूट ४ इंच. मीटरमध्ये २७.७ आणि ७.४. म्हणजे जहाजाचं नुसतं अंग १:४८ ला ५७७ मिलिमीटर, १:६४ ला ४३३ आणि १:९६ ला २८८. हे आकडे बघून त्याला वाटलं की १:४८ कपाटात आरामात बसेल.

बसत नाही. पुढे बोस्प्रिट, म्हणजे जहाजाच्या नाकातून निघणारा तिरका दांडा, आणि त्याच्या टोकाला जोडलेला जिबबूम किती बाहेर येतो ते धरायचं राहिलं होतं. १८६९ चं कटी सार्क हे जहाज घ्या: अंग ६४.७ मीटर, पण बोस्प्रिटसकट लांबी ८५.३. जवळजवळ तिसरा हिस्सा जास्त. अठराव्या शतकातल्या जहाजांचे बोस्प्रिट अंगाच्या मानाने लांब असायचे आणि मागच्या शिडाचा बूमही, म्हणजे खालचा दांडाही, कठड्याबाहेर जायचा, म्हणून मी पहिल्या अंदाजाला अंगाच्या लांबीत चाळीस टक्के मिळवतो. बाउंटीला तसं केलं की १:४८ ला साधारण ८१० मिलिमीटर होतात, म्हणजे काच फोडून बाहेर. १:६४ ला ६०५, १:९६ ला ४०५. नकाशा हातात आल्यावर हे नेमकं मोजायचंच, पण कपाटाचा निकाल लावायला एवढा अंदाज पुरतो.

खोलीचाही हिशोब असतो, आणि तो हमखास विसरला जातो. सर्वात रुंद भाग जहाजाचं अंग नसून मुख्य डोलकाठीवरचं यार्ड (शिड बांधायचा आडवा दांडा) असतं, साधारण अंगाच्या रुंदीच्या दुप्पट. म्हणजे १:४८ ला ३०८ मिलिमीटर आणि १:६४ ला २३१. कपाट तीसचं. यार्ड तिरकं वळवून खोली वाचवता येते, वारा बाजूने घेणाऱ्या जहाजासारखं, आणि ते दिसतंही छान. पण लांबी वाचवायची अशी कुठली युक्ती नाही. शिवाय काचेला टेकलेलं मॉडेल कुणालाच आवडत नाही. दोन्ही टोकांना चार-पाच सेंटिमीटर मोकळे हवेतच.

भागाकाराचं उत्तर आलं १:६४. कटरशीही जुळत होतं. दोन जहाजं शेजारी ठेवली की बघणारा नकळत त्यांच्या आकाराची तुलना करतो, त्यामुळे एकाच स्केलला मोल आहे. मित्र जवळजवळ निघालाच होता. मी त्याला विचारलं, "बाउंटीच का? या आकाराची कितीतरी जहाजं आहेत."

तो मग बराच वेळ बागेबद्दल बोलला.

डेकखालची बाग

जहाजाच्या मागच्या भागातली मोठी केबिन, जी एरवी कप्तानाची असते, ती डेटफर्डला रोपांसाठी रिकामी केली गेली. जमिनीवर शिशाचा पत्रा पसरला. त्याच्या वर खोटी जमीन बसवली, तिच्यात कुंड्या अडकवायला भोकं पाडलेली. आरेखनात ती ६२९ कुंड्यांची आहे. वर उजेडासाठी दोन मोठी झरोक्याची झाकणं, हवेसाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन खिडक्या. रोपांतून पाझरलेलं पाणी पुढच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खालच्या पिंपांत जमा व्हायचं, पुन्हा वापरायला. प्रत्यक्ष ताहितीत १०१५ रोपं चढवली गेली, ७७४ कुंड्या, ३९ टब आणि २४ पेट्यांमध्ये.

मित्राला हेच दाखवायचं होतं. मागचा डेक अर्धा उघडा ठेवायचा आणि आत कुंड्यांची रांग दिसली पाहिजे. हे कळल्यावर प्रकरणाचं स्वरूपच बदललं. तोवर आम्ही सर्वात मोठं माप शोधत होतो, म्हणजे कपाटात मावेल ते. पण स्केलला दुसरी बाजूही असते: हाताने नीट करता येईल आणि बघणाऱ्याला दिसेल असा सर्वात लहान तुकडा कोणता? माझं मत असं की खरा निर्णय या दुसऱ्या बाजूने होतो. कपाट फक्त वरची मर्यादा घालून देतं.

कुंडी ६ इंची धरली तर भोक १:४८ ला ३.२ मिलिमीटर, १:६४ ला २.४ आणि १:९६ ला १.६. हे तिन्ही ड्रिलने सहज पडतात. पण भोकांच्या मधलं लाकूड बघा. केंद्रापासून केंद्रापर्यंत ८ इंच धरले तर भोकांमध्ये १:४८ ला एक मिलिमीटर लाकूड उरतं, १:६४ ला ०.८ आणि १:९६ ला अर्धा मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर लाकूड रेषांच्या दिशेने सरळ चिरतं. एक चिरलं की पट्टी फेकून द्यावी लागते.

आणि भोकं ६२९ च राहतात. स्केल लहान केल्याने काम कमी होतं असं अनेकांना वाटतं. तुकड्यांची संख्या तीच राहते, तुकडे फक्त पकडायला कठीण होतात. काम कमी करायचं असेल तर काहीतरी गाळावं लागतं. या प्रकल्पात गाळायची गोष्ट बाग असणं शक्यच नव्हतं.

दोरांचा घोळ

कागदावर तुलना करताना मित्राने जहाजाच्या दोरांची यादी आणली आणि श्राउडसाठी, म्हणजे डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तोलून धरणाऱ्या जाड दोरांसाठी, १:६४ ला २.४ मिलिमीटरचा दोरा लिहिला. बघताक्षणी खटकलं. जुन्या नौदलाच्या तक्त्यांत दोराचं माप घेराचं असतं, व्यासाचं नाही. ६ इंची दोर म्हणजे घेर ६ इंच, व्यास १.९ इंच, सुमारे ४८ मिलिमीटर. १:६४ ला त्याचा दोरा ०.७६ मिलिमीटरचा हवा. पायने (π, ३.१४) भागायचं राहिलं की दोर तिपटीहून जाड होतात, आणि मग जहाज दोरखंडात बांधून ठेवल्यासारखं दिसतं. हे कळलं की तक्ता सरळ वाचता येतो.

खरी पंचाईत बारीक दोरांची. श्राउडवर चढायला आडव्या पायऱ्या बांधलेल्या असतात, रॅटलाइन. त्यांचा घेर दीड इंच धरला तर व्यास १२ मिलिमीटर. १:४८ ला दोरा पाव मिलिमीटर, १:६४ ला ०.१९, १:९६ ला ०.१३. दोन पायऱ्यांमधलं अंतर साधारण १३ इंच, म्हणजे अनुक्रमे सातच्या आत-बाहेर, पाच आणि साडेतीन मिलिमीटर. प्रत्येक श्राउडवर प्रत्येक पायरीला गाठ. १:९६ ला गाठ दोरापेक्षा ठळक दिसते, ओळीने मणी ओवल्यासारखी.

आता नजरेचं गणित. चांगली नजर एक मीटरवरून साधारण ०.३ मिलिमीटर ओळखते. फळ्या ठोकायच्या लाकडी खुंट्या सव्वा इंच व्यासाच्या धरल्या तर १:४८ ला ०.६६, १:६४ ला अर्धा आणि १:९६ ला ०.३३ मिलिमीटर होतात. म्हणजे १:९६ ला केलेल्या खुंट्या कपाटासमोर उभं राहणाऱ्याला जेमतेम दिसतील, आणि जिथे दिसतील तिथे बहुधा मोठ्या झालेल्या असतील. तळाच्या तांब्याच्या पत्र्यांचंही तेच. मूळ पत्रा ४८ बाय १४ इंच, १:४८ ला २५ बाय साडेसात मिलिमीटर. त्यावरचे खिळे स्केलमध्ये खरं तर इतके लहान होतात की बाजारात मिळणारे उठावदार खिळ्यांचे पत्रे बघून मला नेहमी बॉयलर आठवतो. साधा गुळगुळीत पत्रा लावावा.

लाकडाची पाटी

आकडे वाचून हाताला काही कळत नाही. म्हणून मित्राला म्हटलं, जहाजाला हात लावण्याआधी एका पाटीवर तिन्ही स्केलचे नमुने कर. प्रत्येकात चार गोष्टी: डेडआयची एक जोडी आपल्या बारीक दोरासकट, तीन श्राउडवर थोड्या रॅटलाइन, खोट्या जमिनीचा छोटा तुकडा भोकांसह, आणि जहाजावरच्या मोठ्या होडीची एक बाजू.

डेडआय म्हणजे तीन भोकांची लाकडी चकती. श्राउड ताणायला दोन चकत्या समोरासमोर बांधतात आणि त्यांच्यातून बारीक दोर ओवतात. ७ इंची चकती १:४८ ला ३.७ मिलिमीटर, १:६४ ला २.८ आणि १:९६ ला १.९. शेवटच्यात तीन भोकं पाडताना चकती अर्धी व्हायची. मित्राने ती केली, दोन-तीन तुटल्यावर, पण त्याचा चेहरा बघून कुणालाही कळलं असतं की सगळं जहाज असं करायचं नाही.

होडी मला जास्त महत्त्वाची वाटली. २३ फूट लांब, ६ फूट ९ इंच रुंद, २ फूट ९ इंच खोल. बंडानंतर जहाजाचा प्रमुख ब्लाय आणि त्याचे अठरा साथीदार याच होडीत उतरवले गेले आणि ती तिमोरपर्यंत पोचली. बाउंटी करायची तर ही होडी कुणीही जवळून बघणार. १:४८ ला ती १४६ बाय ४३ मिलिमीटर होते, १:९६ ला ७३ बाय २१. तिच्या फळ्या पाऊण इंच जाड धरल्या तर १:४८ ला ०.४ मिलिमीटर, १:९६ ला ०.२. ०.४ ची पट्टी पाण्यात भिजवून वाकवता येते आणि नंतर हलकेच घासता येते. ०.२ ची पट्टी घासायला गेलं की हातात भोक येतं.

नमुन्यांसाठी त्याने पेअरचं (नाशपातीचं) लाकूड वापरलं होतं आणि भोकांच्या तुकड्याला मेपल. हे बरोबर. हौशी लोकांना जहाज ओकचं होतं म्हणून मॉडेलही ओकचं करावंसं वाटतं. ओकच्या रेषा आणि छिद्रं काही आकसत नाहीत. १:६४ च्या फळीवर ती खऱ्या फळीवरच्या हातभर भेगांसारखी दिसतात. अक्रोडाचंही बऱ्याच अंशी तेच. जितकं स्केल लहान तितकं लाकूड घट्ट आणि निर्विकार हवं. पेअर, बॉक्सवूड, मेपल ही लाकडं म्हणूनच या छंदात टिकून आहेत.

पाटी टेबलावर ठेवली तेव्हा १:९६ बाद झालं. ते स्केल वाईट नाही. ज्याला दोनशे फुटी क्लिपर, म्हणजे वेगवान शिडाचं जहाज, करायचं आहे आणि दुरून त्याचा डौल बघायचा आहे, त्याला ते उत्तम. आतली बाग दाखवायला ते चालत नाही, एवढंच.

१:६४ की १:४८

१:६४ च्या नमुन्यात सगळं जमलं होतं. पण कुंड्या. २.४ मिलिमीटरची कुंडी डोव्हेलमधून (गोल लाकडी काडीतून) कापून वरून पोकळ केली की कड पातळ राहते, रोप लावायला सुईच्या अणीएवढी जागा. एक फूट उंच रोप १:६४ ला पावणेपाच मिलिमीटर होतं, १:४८ ला सव्वासहाहून थोडं जास्त. फरक ऐकायला किरकोळ वाटतो. ६ इंची पान १:४८ ला तीन मिलिमीटरचं होतं आणि त्यावर नीरफणसाच्या पानाच्या खाचा कापता येतात. १:६४ ला त्या खाचा नुसत्या फाटक्या कडा दिसतात. दोन स्केलमध्ये लांबी एक-तृतीयांशाने वाढते पण आकारमान जवळजवळ २.४ पट होतं. जागेचा तो फरक चिमट्याच्या टोकाला लगेच कळतो.

आणि तरीही १:४८ कपाटात मावत नाही.

इथे मी त्याच्यासमोर अशी वाट ठेवली जी त्याला अजिबात आवडली नाही: शिडं, यार्ड, दोर काहीच करू नकोस. सतराव्या-अठराव्या शतकातली नौदलाची मॉडेलं बघ. बरीचशी १:४८ मध्ये, पाव इंचाला एक फूट या मापाने, आणि अनेकांवर दोर-शिडं नव्हतीच, फळ्या अर्धवट, खालचा सांगाडा उघडा. अंग ५७७ मिलिमीटर, बोस्प्रिटचा आतला तुकडा धरूनही कपाटात बसतं. डोलकाठ्यांचा फक्त खालचा भाग ठेव, म्हणजे जहाज बोडकं वाटणार नाही आणि उंचीही आवाक्यात राहील.

"अरे, दोर नसतील तर लोक विचारतील पुढचं कधी करणार," तो म्हणाला.

विचारतील, हे खरं. पण त्याला दोरांचं प्रेम नव्हतंच. कटरचं रिगिंग, म्हणजे दोर-शिडांचं काम, त्याने कंटाळत पूर्ण केलं होतं हे मला माहीत होतं, आणि तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचं रिगिंग म्हणजे अंग बांधण्याइतकंच दुसरं काम. त्याने दोन दिवस विचार केला. मध्ये एकदा म्हणाला, नुसती होडीच १:१६ मध्ये करू का? ४३८ मिलिमीटर, सुरेख मॉडेल झालं असतं. पण मग बाग कुठे? मोठं कपाट घेण्याची गोष्टही निघाली आणि घरातल्या दुसऱ्या मताने ती लगेच संपली.

शेवटी १:४८, रिगिंगशिवाय. कटर दुसऱ्या खोलीत गेली, म्हणजे दोन स्केल एका नजरेत येत नाहीत.

कागदावर

१:४८ चा अनपेक्षित फायदा नकाशात दिसला. त्या काळची नौदलाची आरेखनं याच मापात काढलेली असतात, त्यामुळे छापून सरळ वापरता येतात. १:६४ साठी ती ७५ टक्के करावी लागली असती, १:९६ साठी निम्मी. हे काही अवघड नाही, पण प्रत्येक रूपांतरात एक घोटाळ्याची जागा वाढते. छापील प्रत आली की आधी तिच्यावरची मापपट्टी आडवी मोजायची आणि मग उभ्या दिशेचं एखादं माहीत असलेलं माप. प्रती अनेकदा एका दिशेला ताणल्या जातात. मित्राच्या पहिल्या प्रतीत लांबी बरोबर होती आणि उंची दीड मिलिमीटरने जास्त. फासळ्या कापल्यावर हे कळलं असतं तर सगळी फळी खालून लाटेसारखी गेली असती.

शिवाय इंग्रजी जहाजाची मापं फूट-इंचात असतात. १:४८ ला एक फूट ६.३५ मिलिमीटर आणि एक इंच अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. हे डोक्यात बसतं. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) उचलला की हात आपोआप गुणाकार करतो.

सध्या

सांगाडा उभा आहे. खोटी जमीन तयार आहे. मेपलच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींना आडव्या चिकटवून त्याने तिचा जाड पापुद्रा केला, खाली फळकूट ठेवून भोकं पाडली, आणि एक मिलिमीटरचं मधलं लाकूड कुठेच चिरलं नाही. सगळी ६२९ भोकं पाडण्याचा त्याचा हट्ट आहे, डेकखाली लपणारीसुद्धा. मी त्यात पडलो नाही. कुंड्या मात्र दिसतील तेवढ्याच होणार आहेत.

पानांवर अडलंय. पातळ कागद रंगवून कापला की कडा केसाळ होतात. तांब्याच्या वर्खासारख्या पातळ पत्र्याची पानं तीक्ष्ण निघतात आणि वाकवून आकार देता येतो, पण त्यावर रंग बसायला आधी पृष्ठभाग खरबरीत करावा लागतो, आणि तीन मिलिमीटरचं पान धरून घासायचं कसं, हे अजून ठरलेलं नाही. पत्रा सपाट असतानाच घासून, रंगवून, मग पानं कापायची असा पुढचा प्रयोग आहे.